कापलेले आणि राखलेले

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून चित्रपटाच्या कात्रीबद्दल बोलायचे, म्हणजे जरा अवघडच काम. दाखवायला हाताशी काहीच नाही. पण ज्या दृश्यापासून मी सुरुवात करणार आहे ते आपल्यापैकी बहुतेकांनी इतक्या वेळा पाहिले आहे, की नुसते नाव काढले तरी ते डोळ्यांपुढे उभे राहील. ‘शोले’मधली मालगाडी. इन्स्पेक्टर ठाकूर बलदेवसिंग जय आणि वीरू या दोन कैद्यांना घेऊन निघाला आहे, घोड्यांवरून दरोडेखोर येतात, गोळीबार होतो, वीरू इंजिनात कोळसा ओततो आणि रुळांवर रचलेले ओंडके उडवून गाडी पार होते.

ही गाडी धावली ती आपल्याच जिल्ह्यात, पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. पडद्यावर काही मिनिटांत आटोपणाऱ्या या प्रसंगाच्या चित्रणाला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. म्हणजे गाडी एका दमात धावलीच नाही. आज घोडे धावले, उद्या इंजिन, परवा डब्याच्या टपावरची झटापट. एके दिवशी ऊन कडक, दुसऱ्या दिवशी ढगाळ. कधी सकाळची लांब सावली, कधी दुपारची पायाखालची. तरीही पाहताना आपल्याला वाटते, की एक गाडी निघाली, एक दरोडा पडला आणि तो आपण सलग पाहिला.

ही सलगता रुळांवर नव्हती. ती एका खोलीत, टेबलावर, कात्री आणि चिकटपट्टीने तयार झाली. तयार करणाऱ्याचे नाव माधव शिंदे, श्रेयनामावलीतले एम. एस. शिंदे. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. पुढे त्याची एवढी कीर्ती झाली, पण फिल्मफेअरचा पुरस्कार त्याला एकच मिळाला, तो संकलनाचा. गब्बरचे संवाद पाठ असलेल्या लोकांना विचारा, शिंदे कोण? शंभरात एखादा सांगेल. २०१२ साली ते गेले. संकलकाचे काम चांगले झाले की ते दिसत नाही, ही या धंद्याची रीतच आहे.

आता जरा मागे जाऊ. सिनेमा मुंबईत आला ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर बंधूंची ती चित्रे मिनिटभराची असत. कॅमेरा एका जागी उभा, हँडल फिरवायला सुरुवात केली की चित्र सुरू, फिल्म संपली की चित्र संपले. त्यात कापणे नाही, जोडणे नाही. आपले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले, तेही असेच. जे समोर घडले ते टिपले. कॅमेरा हा त्या काळी साक्षीदार होता, गोष्ट सांगणारा अजून झाला नव्हता.

तो गोष्ट सांगू लागला ते जोडणीमुळे. अमेरिकेत एडविन पोर्टर यांनी १९०३ साली रेल्वेवरच्या दरोड्याचा एक चित्रपट केला. जेमतेम बारा मिनिटांचा, डझनभर दृश्यांचा. पण तारमास्तरची खोली, धावती गाडी, जंगलातला पाठलाग अशी वेगवेगळ्या ठिकाणची दृश्ये एकापुढे एक लावली तर प्रेक्षक त्यांतून एकच गोष्ट समजून घेतो, हे त्यातून लोकांच्या लक्षात आले. पनवेलच्या गाडीचे मूळ गाव शोधायचे तर ते इथे सापडेल.

आपल्याकडे हे गुपित ओळखले दादासाहेब फाळके यांनी. १९१२ साली, भांडवल उभे करण्यासाठी, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचे थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ मिनिटाभरात दिसली. कोंब वर येतो काय, पाने फुटतात काय! पाहणारे थक्क झाले. वेळेला कात्री लावता येते, हा धडा त्या रोपट्याने दिला. पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. त्याची लांबी ३,७०० फूट. त्या फुटांमागे सरस्वतीबाई फाळके यांचे हात होते. अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे आणि तुकडे जोडायला मदत करणे. घरातल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून हे काम चाले. भारतातल्या संकलनाच्या इतिहासात पहिले पान त्यांचे आहे.

त्यानंतर काही वर्षांनी, १९२० च्या आसपास, रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्यापुढे एकदा रश्श्याचा वाडगा जोडला, एकदा शवपेटी, एकदा एक तरुणी. चेहऱ्याचा तुकडा दर वेळी तोच. पण प्रेक्षक म्हणाले, वा! काय भूक दाखवली, काय दुःख, काय ओढ! नटाने काहीच दाखवले नव्हते. दोन चित्रांच्या मध्ये जी रिकामी जागा होती, ती प्रेक्षकाने आपल्या मनाने भरली. संकलनाचे सगळे शास्त्र या एका अनुभवावर उभे आहे. चित्र आपण पाहतो, अर्थ मात्र आपणच घालतो, आणि कुठला अर्थ घालायचा हे जोडणारा ठरवतो.

मग या शास्त्राचे नियम कोणते? पनवेलची गाडीच उदाहरणाला घेऊ.

पहिला नियम दिशेचा. रुळांच्या एका बाजूला उभे राहून पाहिले तर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना दिसते. रूळ ओलांडून पलीकडे गेलो की तीच गाडी उजवीकडून डावीकडे. आता हे दोन तुकडे एकापुढे एक लावा. गाडी मध्येच उलटी फिरली की काय, असे वाटेल, किंवा दोन गाड्या समोरासमोर येत आहेत असे. म्हणून कॅमेऱ्याने एक काल्पनिक रेघ ओलांडायची नाही, असा दंडक आहे. दोन माणसे बोलत असली तरी हीच रेघ त्यांच्यामध्ये असते. एक उजवीकडे पाहत असेल तर दुसऱ्याने डावीकडे पाहिले पाहिजे, नाहीतर दोघे तिसऱ्याशीच बोलताहेत असे दिसते.

दुसरा नियम हालचालीचा. कापायचे ते शक्यतो हालचाल चालू असताना. लांबून दिसणारा माणूस बंदूक उचलू लागला, की तिथे कापावे आणि जवळच्या चित्रात त्याची बंदूक खांद्याला लागावी. डोळा हालचालीच्या मागे धावतो आणि सांधा त्याच्या नजरेतून निसटतो. शिवणकाम करणारे म्हणतील, हे आमचेच तंत्र, शिवण घडीखाली लपवायची.

तिसरा नियम आडोशाचा. दोन तुकडे नीट जुळत नसतील, एकात ऊन आणि दुसऱ्यात सावली असेल, तर मध्ये तिसरेच काही घालावे. चाके, घोड्यांचे खूर, भट्टीतला जाळ. क्षणभर नजर तिकडे गेली, की मागचे ऊन कोण लक्षात ठेवतो? सात आठवड्यांचे चित्रण एका दिवसाचे वाटावे, यासाठी संकलकाला असे आडोसे फार उपयोगी पडतात.

चौथा नियम ठेक्याचा. तुकडे जसजसे आखूड होतील तसतशी पाहणाऱ्याची छाती धडधडते. पण सारेच तुकडे आखूड असले तर दमछाक होते आणि धडधड नाहीशी होते. ढोलकीवाला जसा द्रुत लयीत जाण्याआधी थांबून घेतो, तसे संकलकाला थांबावे लागते. म्हणूनच एवढ्या गोळीबारानंतर जखमी ठाकूर पडलेला असतो आणि पळून जायचे की त्याला दवाखान्यात न्यायचे, यासाठी नाणे उडवले जाते. तिथे चित्र रेंगाळते. आधीच्या धावपळीमुळे त्या रेंगाळण्याला वजन येते.

आणि पाचवा नियम, न दाखवण्याचा. त्याच चित्रपटात गब्बर आपल्या हातावर चालणारी मुंगी चिरडतो. लगेच पुढे घोड्यावरून इमामसाहेबांच्या अहमदचा मृतदेह गावात येतो. मधले काहीच नाही. पण मुंगी पाहताना आपण जे मनात पाहिले, ते पडद्यावर दाखवले असते तर इतके लागले नसते.

अमेरिकेचे नामांकित संकलक वॉल्टर मर्च यांनी तर कुठे कापावे याचे गुणपत्रकच मांडले आहे. शंभरातले ५१ गुण भावनेला, २३ गोष्ट पुढे जाते का याला, १० ठेक्याला. नजर आणि दिशा सांभाळण्याचे उरलेले सगळे नियम मिळून गुण १६. म्हणजे मी आत्ता एवढे रंगवून सांगितलेला रेघेचा नियम या हिशोबात तळाला आहे. दिशा थोडी चुकली तरी चालेल, पण मन चुकता कामा नये.

फिल्मच्या जमान्यात हे सारे हाताने होई. एका सेकंदाला २४ चौकटी, एका फुटात १६. मिनिटाला ९० फूट फिल्म जाते. सव्वातीन तासांचा चित्रपट म्हणजे साडेसतरा हजार फूट, आणि चित्रण त्याच्या कितीतरी पट. हे तुकडे संकलकाच्या खोलीत खुंट्यांवर माळांसारखे लटकत असत. खाली कापडी पिशवी लावलेली डबी, फिल्मला धूळ लागू नये म्हणून. मूव्हिओला यंत्रावर तुकडा पाहायचा, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, कापायचे, जोडायचे, पुन्हा पाहायचे. कापलेला तुकडा मात्र फेकायचा नाही. त्याच्यावर नंबर घालून तो डब्यात ठेवायचा, कारण आठवड्यानंतर तोच लागेल. कापणाऱ्याइतकेच जपणाऱ्यालाही या खोलीत महत्त्व होते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण माझी पुढची गोष्ट त्याच्याशी बांधलेली आहे.

व्हिडिओ आला आणि हे जपणे सुटले.

१९९१ साली अलिबागच्या खारेपाटात माझ्या आतेबहिणीचे लग्न झाले. गावातले हे दुसरे की तिसरे ‘व्हिडिओ शूटिंगचे’ लग्न. आमच्या आगरी लग्नात भटजींइतकाच मान धवलारणीचा. हळदीपासून पुढचे विधी ती धवले गाऊन चालवते. त्या लग्नातली धवलारीण म्हणजे आत्याची सासू. आम्ही सारे तिला आजी म्हणत असू. वय सत्तरीच्या पुढे, डोळे अधू, पण आवाज खणखणीत. मांडवात एका बाजूला बसून ती एकामागून एक धवले म्हणत होती आणि शूटिंगवाला, डोळे दिपवणारा दिवा खांद्याशी धरून, तिच्यासमोर चांगला अर्धा तास उभा होता. ते मी स्वतः पाहिले आहे.

दोन महिन्यांनी कॅसेट आली. घरात टीव्ही नव्हता, म्हणून शेजारच्या ओटीवर सारा वाडा जमला. सुरुवातीला गणपती, मग नवरानवरीची नावे फिरत फिरत आली, मग बदामाच्या आकारात दोघांचे चेहरे. हळदीचा प्रसंग आला. आजी दिसली. ओठ हलत होते. पण ऐकू येत होते ते एक गाजलेले हिंदी सिनेमागीत. पाच-सहा सेकंदांत आजी गेली आणि बँड आला. आजीने विचारले, एवढी गायले, मग माझा आवाज कुठे गेला? ओटीवरची मुले हसली. तिच्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिले नाही.

मी त्या शूटिंगवाल्याकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, कष्टाळू होता. त्याने मला आपली खोली दाखवली. टेबलावर दोन व्हीसीआर, दोन टीव्ही, मध्ये वायरींचे जाळे. डाव्या यंत्रात मूळ कॅसेट, उजव्यात कोरी. डावीकडे हवा तो भाग आला की उजवीकडचे बटण दाबायचे, नको तो आला की थांबवायचे. कापणे असे काही नव्हतेच. उतरवून घेणे होते. दर वेळी उतरवताना चित्र थोडे मळके होई, आणि मधलाच एखादा प्रसंग बदलायचा तर तिथून पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे. तीन तासांच्या कॅसेटसाठी तो चार-चार रात्री जागत असे. आवाजाची पट्टी पुसून तिथे गाणे घालणे, हे त्याच्या मते गिऱ्हाइकाला हवे होते. तसे ते होतेही.

मी म्हटले, मूळ कॅसेट द्या, आम्ही आजीचे तेवढे वेगळे उतरवून घेऊ. तो ओशाळला. म्हणाला, भाऊ, कोरी कॅसेट महाग पडते. तुमच्या लग्नाचे काम झाल्यावर तिच्यावरच पुढचे लग्न घेतले.

अर्धा तास धवले त्या एका वाक्यात संपले. आजी त्यानंतर पाच वर्षे जगली. तिच्याकडचे धवले लिहून घ्यायचे, असे आम्ही अनेकदा ठरवले. ठरवलेच.

आज ते दोन व्हीसीआर भंगारात गेले. १९८९ साली आलेल्या ॲव्हिड या यंत्रणेने आणि तिच्या मागून आलेल्या प्रणालींनी संकलन संगणकावर आणले. १९९६ चा ‘द इंग्लिश पेशंट’ मर्च यांनी संगणकावर संकलित केला आणि तशा पद्धतीने केलेल्या कामाला प्रथमच ऑस्कर मिळाले. आता हवा तो तुकडा हवा तिथे उचलून ठेवा, मागचेपुढचे काही बिघडत नाही, चित्र मळत नाही. त्याहीपुढे, हे सारे खिशातल्या मोबाईलमध्ये आले. मुरूडच्या धक्क्यावरचा कोळ्याचा मुलगा होडी किनाऱ्याला लागताना टिपतो आणि घरी पोचेपर्यंत गाणे घालून ती चित्रफीत साऱ्या नातेवाइकांना पाठवतो. सरस्वतीबाईंना रात्री जागवणारे काम आज दहा मिनिटांचे झाले, याचा आनंद मानावा.

पण कात्री प्रत्येकाच्या हातात आली, तशी कुलेशोव्हची ती रिकामी जागाही प्रत्येकाच्या हातात आली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकले. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. फोन बंद, वीज बंद. अशा वेळी बाहेरगावच्या मुलांच्या मोबाईलवर काय फिरत होते? खऱ्या चित्रांना खेटून दुसऱ्याच कुठल्या वादळाची, दुसऱ्याच कुठल्या समुद्राची जुनी चित्रे. एक चित्र आपल्या गावचे ओळखीचे दिसले, की पुढचेही आपलेच असणार असे मन धरून चालते. आपल्या आईवडिलांच्या घरावरून ती लाट गेली, असे समजून रात्र काढलेली माणसे मला ठाऊक आहेत. त्यातला प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे खरा होता. खोटी होती ती जोडणी.

म्हणून संकलन शिकणाऱ्या मुलांना मी दिशेच्या आणि ठेक्याच्या नियमांबरोबर दोन साधे नियम सांगतो. जे एका जागी, एका वेळी घडले नाही ते तसे घडल्याचे भासवायचे असेल, तर ती गोष्ट आहे हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. पनवेलची गाडी ही गोष्ट आहे, हे आपण तिकीट काढतानाच मान्य केलेले असते. बातमीला आणि घरच्या नोंदीला ती सवलत नाही. आणि दुसरा नियम, मूळ चित्रण पुसायचे नाही. कापलेली फीत सर्वांना पाठवा, पण न कापलेली कुठेतरी राखून ठेवा, तारीख आणि नावे लिहून. आज बिनमहत्त्वाचे वाटते ते उद्या कुणाला हवे असेल, हे आज कुणालाच सांगता येत नाही.

राखून ठेवल्याने काय होते, याचे उदाहरण पुन्हा ‘शोले’च देतो. चित्रपटाच्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत सेन्सॉरने हरकत घेतली आणि पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात, असा शेवट नव्याने चित्रित करून जोडावा लागला. मूळ शेवट कापला गेला, पण नष्ट झाला नाही. इंग्लंडमधल्या एका गोदामात जपून राहिलेल्या रिळांच्या आधारे फिल्म हेरिटेज फाउंडेशनने चित्रपट दुरुस्त केला आणि जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात तो मूळ शेवटासह मोठ्या पडद्यावर दाखवला गेला. पन्नास वर्षांपूर्वी कापलेला तुकडा पुन्हा जोडता आला, कारण कुणीतरी डब्यावर नंबर घालून तो ठेवला होता.

आमच्या आजीच्या वाट्याला असा डबा आला नाही. आतेबहिणीकडे ती कॅसेट अजून आहे. मागच्या वर्षी तिच्या मुलाने ती संगणकावर उतरवून घेतली. आजीचे ते पाच-सहा सेकंद त्याने मला पुन्हा पुन्हा लावून दाखवले. गाणे बंद करून, चित्र संथ करून. ओठांच्या हालचालीवरून पहिला शब्द कोणता असावा, हे आम्ही ओळखू पाहत होतो. वाड्यातली एक म्हातारी मावशी शेजारी बसली होती. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, हळद लावतानाचा धवला आहे, मला अर्धा येतो.

मुलाने लगेच मोबाईल काढला. मी त्याला म्हटले, आता मध्ये कुठेही थांबवू नकोस, आणि यातले काही कापू नकोस.